कॉरोनरचा माणूस

हॉवर्ड एंट्विसलने पोलिसात सत्तावीस वर्षं काढली होती आणि त्यापुढची सहा वर्षं मेलेल्यांच्या घरच्यांबरोबर. ब्रॅकनशॉच्या कॉरोनरबाईंचा तो अधिकारी. गावात कुणी अचानक गेलं, अपघातात गेलं, कुणाच्या हयगयीनं गेल्याचा संशय आला, की कॉरोनर चौकशी करणार. आणि त्या चौकशीसाठी दारं ठोठावणं, जबाब घेणं, कागद गोळा करणं, रडणाऱ्यापुढे पाण्याचा पेला सरकवणं हे हॉवर्डचं काम. कॉरोनर म्हणजे न्यायाधीशच. ती नगरपालिकेला बांधील नाही, मंत्र्याला नाही, कुणालाच नाही. हॉवर्डचा पगार मात्र नगरपालिका करायची. कोर्टही नगरपालिकेच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. खुर्च्या तिच्या, टपाल तिच्या हातून येणार, आणि हीटर चालू-बंद करायची किल्ली तर तळमजल्यावरच्या कुणाकडे तरी. कॉरोनर रूथ हॅलिवेलबाई जानेवारीत अंगावर कोट चढवून निकाल वाचायच्या.

या सगळ्यात हॉवर्डला कधी काही खटकलं नव्हतं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही जगाची रीत. पण सहा वर्षांत आपल्याला टाळी वाजवायला कुणी सांगितलेलं नाही, मग उगाच डोक्याला ताप कशाला, असं तो म्हणायचा.

मग एनिड शटलवर्थचं प्रकरण आलं.

एनिडबाई त्र्याऐंशी वर्षांच्या. शाळेत पोरांना जेवण वाढण्यात त्यांची हयात गेलेली. एकट्या राहायच्या, गळ्यात नगरपालिकेने दिलेलं धोक्याचं बटण. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, दुपारी दोनच्या सुमाराला, त्या स्वयंपाकघरात पडल्या. बटण दाबलं. पलीकडून बाईचा आवाज आला, "लागलंय का कुठे?" एनिडबाई म्हणाल्या, "लागलं नाही गं, पण उठता येत नाहीये." पूर्वी अशा वेळी नगरपालिकेचं दोन माणसांचं पथक यायचं, म्हाताऱ्या माणसाला उठवून खुर्चीत बसवायचं, चहा करून द्यायचं. शनिवार-रविवारचं हे पथक खर्च कमी करायचा म्हणून तीन महिन्यांपूर्वी बंद झालं होतं. पलीकडच्या बाईने नियमाप्रमाणे नोंद केली: "जखम नाही. सोमवारी भेट." मुलीला फोन करावा, तर नोंदी नव्या यंत्रात हलवताना मुलीचा नंबरच गळून पडला होता. एनिडबाईंनी अकरा वेळा बटण दाबलं. अकरा वेळा तीच नोंद झाली. सोमवारी सकाळी शेजाऱ्याने दार फोडलं तेव्हा त्या त्रेचाळीस तास फरशीवर होत्या. मंगळवारी हॉस्पिटलात त्यांनी प्राण सोडला.

हे सगळं हॉवर्डने महिनोन्महिने खपून जमवलं होतं. एकच गोष्ट हाती लागत नव्हती. पथक बंद करताना कुणालाच कसं कळलं नाही, की असं होणार?

तीन नोव्हेंबरला, मंगळवारी, ती गोष्ट टपालाने आली.

पाठवणारी होती ग्लेनिस पिकप. बटणांचे फोन जिथे यायचे तिथली ती जुनी मुकादम. पथक बंद झालं तेव्हा तिचीही नोकरी गेली होती. पाकिटात तिने आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात वरिष्ठांना लिहिलेल्या पत्राची प्रत होती, खाली नगरपालिकेचा पोचशिक्का. पत्र दीड पानाचं. त्यातलं एक वाक्य हॉवर्डने उभ्यानेच वाचलं आणि मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचलं: "शनिवारी पडलेलं माणूस सोमवारपर्यंत तिथेच पडून राहील आणि त्यातलं कुणीतरी मरेल, हे मी लेखी कळवते आहे." सोबत एक चिठ्ठी होती. हे कुणाकडे द्यायचं कळत नाही, म्हणून तुमच्याकडे पाठवते.

हॉवर्ड उठला. हॅलिवेलबाईंची खोली चौदा पावलांवर. पण दाराशी डंकन फेअरक्लफ उभा होता.

डंकन हा नगरपालिकेतला त्याचा साहेब. वय चाळीस, स्वच्छ बूट, बोलणं गोड.

"जरा बोलू या का, हॉवर्ड? चहा नको, नुसता बसतो." तो बसलासुद्धा. "ते पत्र बघितलंस?"

"तुला कसं कळलं पत्राचं?"

"टपालविभागात सगळं उघडतात, स्कॅन करतात. आलं माझ्याकडेही. ही ग्लेनिस ना, नोकरी गेल्यापासून जरा... तुला माहीतच आहे."

"मला नाही माहीत. मी तिला ओळखत नाही."

"बरं बरं." डंकन हसला. "हे बघ, लपव असं मी म्हणत नाहीये. छे! असलं मी म्हणूच शकत नाही. कागद नगरपालिकेचा आहे, बाईने न विचारता बाहेर काढलाय, आत चार लोकांची नावं आहेत. आपल्या वकिलांना आधी एक नजर टाकू दे. मग तेच रीतसर वर पाठवतील. तू कशाला मध्ये हात पोळून घेतोस?"

"किती दिवस?"

"आठवडा. फार तर दहा दिवस."

बोलणं इतकं शहाण्यासारखं होतं की त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. डंकन दारापर्यंत गेला आणि वळला. "अरे हो, एप्रिलमध्ये आपल्या विभागाची फेररचना आहे. तुझी जागा टिकावी म्हणून मी जिवाचं रान करतोय बरं का. वीस महिने राहिलेत ना पेन्शनला? आपलं सांगून ठेवलं."

हॉवर्डने पाकीट खणात ठेवलं. खणाला कुलूप लावलं. पोलिसात असताना दारुड्यांनी त्याच्यावर चाकू उगारले होते, तेव्हा तो डगमगला नव्हता. इथे तर कुणी आवाजसुद्धा चढवला नव्हता.

पुढच्या सोमवारी, नऊ तारखेला, प्राथमिक सुनावणी होती. मोठ्या चौकशीआधी कुठले साक्षीदार, कुठले कागद, हे ठरवायचं, एवढंच काम. एनिडबाईंची मुलगी बेवर्ली पुढच्या रांगेत बसली होती, बाजारातल्या बेकरीच्या दुकानातून तशीच आलेली, बाहीला पीठ. नगरपालिकेने लंडनहून बॅरिस्टर आणला होता. मागच्या भिंतीला टेकून डंकन.

हॅलिवेलबाईंनी चष्मा वर केला. "मला एक सरळ उत्तर हवंय. पथक बंद करण्याआधी, यात जिवाला धोका आहे, असं नगरपालिकेला कुणी लेखी कळवलं होतं का?"

बॅरिस्टर उभा राहिला. "माझ्या अशिलाच्या माहितीप्रमाणे असा कोणताही कागद नाही, मॅडम."

हॉवर्ड दहा फुटांवर बसला होता. बॅरिस्टरला ठाऊक नसावं, हे त्याला चेहऱ्यावरून कळलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण डंकनला ठाऊक होतं. आणि आपल्याला ठाऊक आहे. त्याने मागे वळून पाहिलं. डंकन फोनमध्ये डोकं घालून बसला होता. आता उठावं, 'मॅडम, एक मिनिट' म्हणावं. तीन शब्द. हॅलिवेलबाईंनी मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं, पान उलटलं, आणि ती वेळ गेली.

घरी तो ताट अर्धवट टाकून उठायला लागला. दोन दिवस बघून तिसऱ्या दिवशी सकाळी बायको जॅनिस म्हणाली, "काय झालंय ते सांगणार आहेस, का मी तुझ्या तोंडाकडे बघूनच दिवस काढू?"

"कोर्टात कुणी खोटं बोललं, तर ते पाप कुणाचं गं?"

"बोलणाऱ्याचं."

"आणि ऐकणाऱ्याचं?"

जॅनिसने चहाची किटली खाली ठेवली. "ऐकणाऱ्याला खरं काय ते माहीत होतं का?"

हॉवर्ड बुटांच्या नाड्या बांधायला लागला. तिने पुन्हा विचारलं नाही. फक्त त्याचा कोट आणून हातात दिला.

त्याच दिवशी, बारा तारखेला, दुपारी बेवर्ली आली. आईच्या औषधांची यादी द्यायची होती. यादीबरोबर तिने कागदात गुंडाळलेला आल्याच्या केकचा तुकडा टेबलावर ठेवला.

"आई दर वर्षी शेकोटीच्या सणाला करायची. यंदा मी केला. जरा दगड झालाय, दात सांभाळा."

"अगं, कशाला एवढं."

"असू दे हो. नगरपालिकेत मी सतरा जणांशी बोलले, मिस्टर एंट्विसल. मोजलेत मी. सगळे कसे, तेल लावलेल्या पैलवानासारखे, हातात म्हणून येत नाहीत. सरळ बोलणारे तुम्ही एकटे." ती उठली. "सोमवारी ते म्हणाले ना, कुणाला काही कल्पनाच नव्हती म्हणून? मग मी घरी जाऊन रडले आणि म्हटलं, चला, नसेल कल्पना. मुद्दाम कुणी नाही केलं. तेवढंच जरा बरं वाटलं."

ती जिना उतरून जाईपर्यंत हॉवर्ड उभाच राहिला. मग त्याने खण उघडला, पाकीट काढलं आणि ती चौदा पावलं चालला.

हॅलिवेलबाईंनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांच्या तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही.

"हे कधी आलं?"

पाकिटावरचा टपालाचा शिक्का पुसट होता. चिठ्ठीवर तारीख नव्हती. 'आजच' म्हटलं असतं तर बाईंनी मान हलवली असती. त्यांना त्याच्या शब्दावर शंका घ्यायची सवयच नव्हती. तो शब्द जिभेवर येऊन बसला होता, हे हॉवर्डला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

"तीन तारखेला, मॅडम."

"आज बारा."

"हो."

"म्हणजे सोमवारी, मी तो प्रश्न विचारला तेव्हा, हे तुमच्या खणात होतं."

"होतं. फेअरक्लफ म्हणाले, आधी वकील बघतील. मी ऐकलं. तोंड उघडायला हवं होतं, मी नाही उघडलं."

बाईंनी पत्र टेबलावर ठेवलं. "तुम्ही माझे अधिकारी आहात, हॉवर्ड. फेअरक्लफचे नाही."

"पगाराच्या चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नसतं, मॅडम."

हे तो उद्धटपणाने बोलला नव्हता. पण बोलून गेल्यावर खोली एकदम थंड पडल्यासारखी वाटली.

"या चौकशीचं काम आता तुमच्याकडे राहणार नाही," हॅलिवेलबाई म्हणाल्या. "शेजारच्या जिल्ह्यातून मी दुसरा अधिकारी मागवते. पत्राची प्रत आजच दोन्ही बाजूंना जाईल, आणि ते कसं आलं, कधी आलं, तेही लिहून जाईल. आणि तुम्ही साक्षीला उभे राहाल. बाकीच्यांसारखेच."

"हो, मॅडम."

"मला वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. मग पुढचा कागद ओढून लिहायला लागल्या.

डिसेंबरात चौकशी झाली. ग्लेनिस पिकप आली. गोल बांध्याची, मोठ्या आवाजाची बाई, पण साक्ष देताना तिचा आवाज दोनदा बसला. तिसऱ्या दिवशी हॉवर्डचं नाव पुकारलं. ज्या पिंजऱ्यात त्याने शेकडो लोकांना हाताला धरून चढवलं होतं, तिथे तो स्वतः चढला आणि शपथ घेतली.

बॅरिस्टरला आता पत्र नाकारता येत नव्हतं. त्याने दुसरी वाट धरली.

"मिस्टर एंट्विसल, हे पत्र कुलपात कुणी ठेवलं?"

"मी."

"किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडे."

"मिस्टर फेअरक्लफनी तुम्हाला 'हे लपवा' असं सांगितलं?"

"नाही. तसं नाही म्हणाले."

"मग हे पत्र कोर्टापासून कुणी लपवलं, तर ते...?"

"मीच लपवलं," हॉवर्ड म्हणाला. "नऊ दिवस."

पुढच्या रांगेत बेवर्ली बसली होती. तिच्याकडे न बघण्याची त्याने शिकस्त केली आणि शेवटी पाहिलंच. ती त्याच्याकडे बघत नव्हती. मांडीवरच्या हातमोज्यांकडे बघत होती.

त्यानंतर डंकन उभा राहिला. त्याची तयारी चोख होती. प्रक्रिया, गोपनीयता, कायदेशीर सल्ला, सगळं जागच्या जागी. हॅलिवेलबाईंनी त्याला मध्ये तोडलं नाही. तो थांबल्यावर म्हणाल्या, "तुम्ही पत्र कधी वाचलंत?"

"तीन तारखेला."

"वकिलांकडे कधी पाठवलंत?"

डंकनने कागद चाळले. "तेरा तारखेला."

"म्हणजे आम्ही त्याची प्रत वाटल्यानंतर. नऊ तारखेला तुम्ही या खोलीत होतात?"

"होतो."

"असा कागद नाही, असं तुमच्या बाजूने सांगितलं गेलं. तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं. पण मला वाटलं, ती बाब..."

"तिथून उठून तुमच्या बॅरिस्टरच्या कानात सांगायला किती पावलं लागली असती?"

डंकनने पेला उचलला. पाणी प्यायला. बॅरिस्टर आपल्या कागदांकडे बघत होता आणि त्याची मान लाल झाली होती.

"हेच प्रश्न मी माझ्या अधिकाऱ्यालाही विचारलेत," हॅलिवेलबाई म्हणाल्या, "आणि त्याचीही उत्तरं चांगली नाहीत. तो सुनावणीनंतर तीन दिवसांनी का होईना आला, हे मी नोंदवते. त्याला याहून जास्त काही देता येणार नाही."

निकाल त्यांनी शुक्रवारी वाचला. कॉरोनरला कुणाला शिक्षा करता येत नाही, दोषी ठरवता येत नाही. माणूस कसा गेला एवढंच सांगता येतं. त्यांनी सांगितलं. एनिड शटलवर्थ पडल्या, ते अपघाताने. त्या गेल्या, ते साधी मदत वेळेवर न मिळाल्यामुळे. ती मिळणार नाही, हे आधी लेखी सांगितलेलं असताना. मग असे मृत्यू पुन्हा होऊ नयेत म्हणून कॉरोनर जो अहवाल पाठवते, तो त्यांनी नगरपालिकेला पाठवला. छप्पन दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. अहवालात दोन मुद्दे होते. पहिला, शनिवार-रविवारच्या पथकाचा. दुसरा असा: 'या कोर्टाचे अधिकारी ज्यांच्याबद्दल चौकशी करतात, त्यांचेच ते नोकर आहेत. कोर्टाचं टपालही नगरपालिकाच उघडते. चांगला माणूससुद्धा अशा जागी किती वाकतो, ते या प्रकरणात माझ्यासमोर आलं आहे.'

हॉवर्डने ते वाक्य वर्तमानपत्रात वाचलं. चांगला माणूस, असं बाईंनी लिहिलं होतं. आणि वाकतो, असंही.

फेब्रुवारीत उत्तर आलं. पथक पुन्हा सुरू झालं, चार माणसांचं. दुसऱ्या मुद्द्यावर नगरपालिकेने दोन ओळी लिहिल्या: सध्याची व्यवस्था समाधानकारक असून तिचा वेळोवेळी आढावा घेतला जातो. डंकनची दुसऱ्या विभागात बदली झाली, थोडी वरच्याच जागी. हॉवर्डला शिस्तभंगाची लेखी समज मिळाली आणि एप्रिलच्या फेररचनेत त्याची जागा उरली नाही. त्याबद्दल त्याने कुणाशी वाद घातला नाही. जॅनिस म्हणाली, "वीस महिन्यांचं काय घेऊन बसलास? मी आहे, तू आहेस." पण त्या दिवशी तिने भांडी जरा जोरात घासली.

त्याच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात बेवर्ली आईच्या वस्तू न्यायला आली. अंगठी, चष्मा, गुडघ्यापर्यंतचे मोजे, सगळं खाकी पिशवीत. डिसेंबरनंतर दोघं समोरासमोर पहिल्यांदाच येत होते. हॉवर्डने यादी पुढे केली. ती सही करता करता थांबली.

"पत्र मंगळवारी आलं ना तुमच्याकडे? तीन तारखेला?"

"हो."

"गुरुवारी मी फोन केला होता. पाच तारखेला. दुपारी. नवीन काही कळलं का, म्हणून."

हॉवर्डला आठवेना. खरंच आठवेना.

"तुम्ही म्हणालात, 'नाही गं पोरी, अजून काही नाही.' इतक्या मायेनं म्हणालात." बेवर्लीने सही केली, पेन खाली ठेवलं. "तुम्ही शेवटी खरं सांगितलंत, हे मला कळतं. सगळे म्हणतात, त्या माणसाने स्वतःचं नुकसान करून घेतलं तुझ्यासाठी. असेल. मी तुमच्यावर रागावलेले नाही, आणि माफ केलंय असंही नाही. मला नाही जमत अजून."

"नको करूस," हॉवर्ड म्हणाला. "घाईनं तर नकोच."

तिने मान हलवली आणि पिशवी पोटाशी धरून जिना उतरली.

हॉवर्डने कपाटातून मागच्या वर्षीची फोनांची नोंदवही काढली. पाच नोव्हेंबरचं पान सापडायला वेळ लागला नाही. चार वाजून दहा मिनिटं. त्याच्याच गोल अक्षरात: 'शटलवर्थ, मुलगी. विचारपूस. नवीन काही नाही असं सांगितलं.' ही नोंद चौकशीत कुणी मागितली नव्हती. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटली असणार, आणि साक्षीत कुणी विचारलं नाही म्हणून त्यानेही सांगितलं नव्हतं.

तो वही घेऊन हॅलिवेलबाईंच्या दाराशी गेला. हीटर बंद होता. त्या कोट घालून लिहीत बसल्या होत्या.

"मॅडम, शटलवर्थ प्रकरणात एक कागद राहिलाय."

"ते प्रकरण मिटलं, हॉवर्ड."

"हो, पण हे त्यात असायला हवं. त्यांच्या मुलीला मी काय सांगितलं, ते आहे."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. बसा म्हणाल्या नाहीत, नको असंही म्हणाल्या नाहीत. हात पुढे करून वही घेतली, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ती ओळ वाचायला लागल्या. हॉवर्ड टेबलासमोर उभा राहिला, त्या काय विचारतील याची वाट बघत.